कोरियन स्किनकेअर नव्यानं सुरू करताय? दहा बाटल्या घेण्याआधी हे वाचा

कोरियन मालिका आणि गाण्यांच्या मागोमाग कोरियन सीरम, शीट मास्क आणि कुशन कॉम्पॅक्ट घराघरांत पोचले. कॉलेजच्या मुलींनी सुरुवात केली, मग त्यांच्या आया, मावश्या विचारू लागल्या, आणि आता मुलगेही सनस्क्रीनचे प्रकार विचारतात. हौस चांगलीच आहे. पण नव्यानं सुरू करणाऱ्या प्रत्येकाचे प्रश्न साधारण तेच असतात. पहिली वस्तू कोणती घ्यायची? आपल्या रंगाला आणि आपल्या हवेला ते चालेल का? खरा माल कसा ओळखायचा? आणि चेहऱ्याला त्रास झाला तर दाद कुणाकडे मागायची? या सगळ्याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

हे सगळं आलं कुठून?

टीव्ही आणि फ्रिजमुळे आपल्याला माहीत असलेल्या एलजी समूहाची सुरुवात १९४७ मध्ये चेहऱ्याला लावायच्या क्रीमपासून झाली, हे फार कमी जणांना ठाऊक असेल. आजची सर्वांत मोठी कोरियन सौंदर्यप्रसाधन कंपनी अमोरपॅसिफिक १९४५ मध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकाची आई १९३० च्या दशकात केसोंग गावात केसांना लावायचं कॅमेलियाचं तेल घरी काढून विकत असे. म्हणजे हा धंदा कालपरवाचा नाही.

त्याआधीच्या जोसॉन राजवटीत तिथल्या बायका मुगाच्या पिठानं तोंड धूत आणि तांदळाचं धुवण चेहऱ्याला लावत. आपल्याकडचं डाळीचं पीठ आणि उटणं आठवलं तर हे काही परकं वाटणार नाही.

२००० नंतर चित्र बदललं. मिशा या ब्रँडनं ३,३०० वॉन या एकाच स्वस्त किमतीत वस्तू विकायला सुरुवात केली. इनिस्फ्री, एट्यूड, द फेस शॉप अशी रस्त्यावरची दुकानं उभी राहिली आणि विद्यार्थिनींना परवडेल असा माल बाजारात आला. इनिस्फ्रीनं २०१३ मध्ये दिल्लीच्या खान मार्केटमध्ये भारतातलं पहिलं दुकान उघडलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी कोरियन मालिका पाहिल्या गेल्या आणि ऑनलाइन मागणी वाढली. २०२४ मध्ये कोरियाची सौंदर्यप्रसाधनांची निर्यात १० अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

यातली एक व्यापारी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बरेच कोरियन ब्रँड आपला माल स्वतः बनवत नाहीत. कॉस्मॅक्स आणि कोल्मार कोरिया यांसारख्या कंपन्या अनेक ब्रँडसाठी माल तयार करून देतात. त्यामुळे महागडी डबी आणि स्वस्त डबी एकाच कारखान्यातून बाहेर पडलेली असू शकते. जास्त किंमत म्हणजे जास्त गुण, हे गणित इथे नेहमी जुळत नाही.

दहा पायऱ्या खरंच लागतात का?

कोरियन स्किनकेअर म्हटलं की दहा पायऱ्यांची यादी समोर येते. तेलाचं क्लेन्झर, पाण्याचं क्लेन्झर, एक्सफोलिएटर, टोनर, एसेन्स, सीरम, शीट मास्क, आय क्रीम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. ही यादी जगभर पोचवली ती शार्लट चो या कोरियन वंशाच्या अमेरिकन उद्योजिकेनं. तिनं २०१२ मध्ये सोको ग्लॅम ही विक्री साइट सुरू केली आणि २०१५ मध्ये तिचं स्किनकेअरवरचं पुस्तक आलं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला नव्या वस्तू समजाव्यात म्हणून केलेली ती मांडणी होती. कोरियातली प्रत्येक बाई रोज सकाळ-संध्याकाळ दहा बाटल्या उघडते असं नाही. मधल्या काळात तिथेच कमी वस्तू वापरण्याची टूम आली आणि तिला 'स्किपकेअर' असं नावही पडलं.

नवख्या माणसानं एकदम दहा वस्तू सुरू केल्या तर मोठी अडचण पुढे येते. आठव्या दिवशी गालावर पुटकुळ्या आल्या तर त्या कशामुळे, हे शोधायला मार्ग उरत नाही. दहाही बाटल्या बाजूला पडतात आणि पैसे वाया जातात.

सुरुवात तीन वस्तूंनी

त्वचाविकारतज्ज्ञ जो पाया सांगतात, तो कोणत्याही देशाच्या मालाला लागू आहे. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन.

फेसवॉश असा हवा, की धुतल्यावर चेहरा तडतडता कामा नये. धुतल्यावर 'कुरकुरीत स्वच्छ' वाटणं म्हणजे त्वचेचं स्वतःचं तेलही निघून गेल्याची खूण. पाच ते सहाच्या आसपास पीएच असलेले कोरियन जेल क्लेन्झर यासाठी बरे पडतात, कारण निरोगी त्वचेचा पृष्ठभाग थोडा आम्लधर्मी असतो. साध्या अंगाच्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो.

मॉइश्चरायझर तेलकट त्वचेलाही लागतो. तेलकट चेहऱ्याला जेल किंवा पातळ इमल्शन, कोरड्या चेहऱ्याला सेरामाइड असलेली घट्ट क्रीम.

सनस्क्रीन ही तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू. वांग, मुरुमांचे काळे डाग, रापलेला चेहरा यांवर हजारोंची सीरम लावून सनस्क्रीन टाळलं, तर भरलेली घागर तळाला भोक ठेवून भरल्यासारखं आहे.

तेलाच्या क्लेन्झरनं आधी मेकअप काढायचा आणि मग फेसवॉशनं तोंड धुवायचं, ही कोरियन 'दुहेरी सफाई'. मेकअप किंवा पाण्यानं न निघणारं सनस्क्रीन लावत असाल, तर रात्री ती उपयोगी आहे. काहीच लावलेलं नसेल, तर तिची गरज नाही.

बाटलीवरची नावं

कोरियन नावांनी नवखा माणूस गोंधळतो, म्हणून ही छोटी यादी.

स्किन: कोरियात टोनरलाच 'स्किन' म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या, झोंबणाऱ्या अॅस्ट्रिंजंटपेक्षा हा वेगळा असतो. बहुतेक वेळा ओलावा देणारं पातळ पाणी असतं.

एसेन्स: टोनरपेक्षा थोडा दाट, सीरमपेक्षा पातळ द्रव.

अँप्युल: जास्त तीव्र सीरम, छोट्या बाटलीत. पण 'तीव्र' म्हणजे किती, याचं ठरलेलं माप नाही.

इमल्शन किंवा लोशन: चेहऱ्याला लावायचा पातळ मॉइश्चरायझर. अंगाला लावायच्या लोशनशी गल्लत करू नये.

स्लीपिंग पॅक: रात्री लावून झोपायचा, न धुवायचा घट्ट थर.

शीट मास्क: द्रवात भिजवलेला कागद किंवा कापड. १५ ते २० मिनिटं ठेवायचा. वाळेपर्यंत ठेवला तर उलट त्वचेतला ओलावा ओढला जातो.

ग्लास स्किन: काचेसारखी नितळ, चमकदार त्वचा. कोरियन शब्द 'युरी पिबु'. पडद्यावरच्या काचेसारख्या त्वचेत दिवे, मेकअप आणि फिल्टर यांचा वाटा मोठा असतो. खऱ्या त्वचेला रंध्रं असतात आणि ती दिसतात.

कोणता घटक कशासाठी?

नायसिनामाइड: ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार. डाग फिकट करायला आणि तेल आटोक्यात ठेवायला मदत करतो. नवख्यांना २ ते ५ टक्के पुरे. दहा टक्के लिहिलेलं बघून भुलू नये, काहींना त्यानं चेहरा लाल होतो.

सेंटेला किंवा सिका: लालसर, चिडलेल्या त्वचेला शांत करणारी वनस्पती. ही म्हणजे आपली मंडूकपर्णी, जिला बरेच जण ब्राह्मीच म्हणतात. बेळगावकडे कानडी शेजारी तिला ओंदेलग म्हणतात आणि तिची तंबळी करून भाताबरोबर खातात. कोरियात याच वनस्पतीच्या अर्काचं मडेकासोल नावाचं जखमेवरचं मलम वर्षानुवर्षं घरोघरी आहे.

हायलुरॉनिक अॅसिड: नावात अॅसिड असलं तरी भाजत नाही. पाणी धरून ठेवतं. ओलसर चेहऱ्यावर लावून वर मॉइश्चरायझर लावला तरच उपयोग.

स्नेल म्युसिन: गोगलगायीचा चिकट स्राव. ओलावा देतो. शाकाहारी, जैन वाचकांनी हे माहीत असू द्यावं. प्रोपोलिस आणि मध मधमाशीकडून येतात, आणि कोलेजन बहुधा मासळी किंवा इतर प्राण्यांपासून काढतात. मधमाशीच्या पदार्थांची अॅलर्जी असलेल्यांनी प्रोपोलिसपासून लांब राहावं.

तांदूळ, जिनसेंग, ग्रीन टी, सोयाबीन: बहुतेक ओलावा आणि सौम्य परिणाम. घटकांच्या यादीत नाव अगदी शेवटी असेल, तर ते प्रामुख्यानं जाहिरातीसाठी आहे असं समजावं.

एएचए, बीएचए: मृत त्वचा काढणारी आम्लं. आठवड्यातून एकदा-दोनदा रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन हवंच. बीएचए तेलकट, मुरूम येणाऱ्या त्वचेला जास्त उपयोगी.

रेटिनॉल: सुरकुत्या आणि मुरुमांसाठी. गरोदर बायकांनी आणि गर्भधारणेच्या तयारीत असलेल्यांनी वापरू नये. नवख्यांनी पहिल्या दोन-तीन महिन्यांत हात लावू नये हेच बरं, आणि आम्लांबरोबर एकाच रात्री तर नकोच.

कोरियाची हवा वेगळी, आपली वेगळी

थरावर थर लावायची कोरियन पद्धत तिथल्या हिवाळ्यातून आली. सोलमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली असतो, घरात जमीन तापवून ऊब आणतात आणि हवा कोरडी ठणठणीत होते. तिथे टोनरचे तीन थर लावूनही चेहरा पुन्हा मागतो.

गोव्यात किंवा कोकणपट्टीत मे महिन्यात हेच केलं, तर दुपारपर्यंत सगळं घामाबरोबर खाली येतं. दमट हवेत घट्ट क्रीम आणि तेलं यांच्या थरांखाली कपाळावर, गालांवर बारीक खाजऱ्या पुटकुळ्या येऊ शकतात. तिथे जेल मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन इतकंच दिवसा पुरे.

बेळगाव, खानापूरकडे पावसाळ्यात हवा ओली आणि हिवाळ्यात सकाळी बोचरी, म्हणून जेल आणि क्रीम ऋतूप्रमाणे बदलावी. ग्वाल्हेर, इंदूरच्या कोरड्या थंडीत सेरामाइडची क्रीम आणि एखादा टोनरचा थर खरोखर उपयोगी पडतो. मात्र तिथल्याच उन्हाळ्यातल्या लूमध्ये सनस्क्रीनला पर्याय नाही. बडोदा, हैदराबादकडेही उन्हाळ्याला हलकी आणि थंडीला थोडी जड, हाच नियम.

सनस्क्रीन: एसपीएफ आणि पीए

एसपीएफ हा आकडा त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांसाठी. नीट लावलं तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के किरणं अडवतं. पीए ही खूण यूव्हीए किरणांसाठी. ही किरणं काचेतून आत येतात आणि त्वचा काळवंडण्यात व सुरकुत्यांत त्यांचा मोठा हात असतो. पीएपुढे एक ते चार अधिकचिन्हं असतात. चार म्हणजे सर्वांत जास्त.

हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेले असतात. आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. सोपं माप म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांवर पूर्ण लांबीची एकेक रेघ, चेहरा आणि मानेसाठी. उन्हात हिंडणार असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

कोरियन सनस्क्रीन लोकप्रिय आहेत ती हलकी आणि पांढरा थर न सोडणारी म्हणून. पण देशाचं नाव हीच हमी समजू नये. २०२० च्या डिसेंबरमध्ये प्युरिटो या ब्रँडच्या एसपीएफ ५०+ लिहिलेल्या एका सनस्क्रीनची स्वतंत्र चाचणी झाली. एसपीएफ १९ च्या आसपास निघाला आणि कंपनीला विक्री थांबवावी लागली.

ज्यांना वांग आहे त्यांनी रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन पाहावं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानंही सावळ्या त्वचेवरचे डाग गडद होतात, आणि साधं सनस्क्रीन तो प्रकाश पुरेसा अडवत नाही.

मेकअपची हौस: कुशन, टिंट आणि छटांचे आकडे

कोरियन मेकअपचा कल पातळ थराकडे आहे. चेहरा झाकून टाकण्यापेक्षा त्वचा ओलसर, ताजी दिसावी, ओठांचा रंग आतून बाहेर फिका होत जावा, भुवया सरळ असाव्यात, अशी त्यांची आवड. नवख्या हाताला हे सोपं जातं, कारण थोडं चुकलं तरी दिसत नाही.

बीबी क्रीम मूळ कोरियन नाही. १९६० च्या दशकात जर्मनीतल्या त्वचातज्ज्ञ ख्रिस्टिन श्रामेक यांनी उपचारानंतरची नाजूक त्वचा झाकायला ती बनवली. कोरियानं ती जगभर नेली. कुशन कॉम्पॅक्ट मात्र अस्सल कोरियन. अमोरपॅसिफिकच्या आयोप या ब्रँडनं २००८ मध्ये तो आणला. पार्किंगच्या तिकिटावर शिक्का मारायच्या शाईच्या पॅडवरून ही कल्पना सुचली होती. स्पंजमध्ये द्रव फाउंडेशन भिजलेलं असतं, पफनं हलकं थोपटून लावायचं. चोळायचं नाही.

अडचण येते ती छटांची. कोरियन छटा आकड्यांत असतात. १३ अगदी फिकट, २१ फिकट, २३ जराशी गडद. कोरियात बराच काळ २१ आणि २३ यांवरच बाजार चालला. आपल्याकडच्या गव्हाळ रंगाला सहसा २५ च्या पुढचे, सावळ्या रंगाला त्याहून पुढचे आकडे लागतात, आणि पुष्कळ ब्रँडकडे ते नसतात. २०२४ मध्ये एका कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणीनं व्हिडिओतून ही गोष्ट दाखवून दिल्यावर टिरटिर या ब्रँडनं आपल्या लाल कुशनच्या छटा वाढवून तीसपर्यंत नेल्या. आकड्यापुढच्या अक्षरांपैकी सी म्हणजे थंड, एन म्हणजे मधली आणि डब्ल्यू म्हणजे उबदार, पिवळसर छटा.

छटा हातावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावून दाराशी, उजेडात बघा. दहा मिनिटं थांबा, काही कुशन हवेनं गडद होतात. योग्य छटा मिळत नसेल तर कुशनचा हट्ट सोडून टिंट, ब्लश, आयलायनर यांपासून सुरुवात करावी. लिप टिंट गडद ओठांवर जाहिरातीतल्यापेक्षा वेगळा दिसतो. गुलाबी-पिवळसर छटांपेक्षा विटकरी, बोरासारख्या लाल आणि जांभळट छटा आपल्या ओठांवर उठून दिसतात.

'टोन-अप' लिहिलेली क्रीम किंवा सनस्क्रीन घेताना जपून. तिच्यात पांढरा रंग असतो. सावळ्या चेहऱ्यावर ती राखेसारखी दिसते. आणि कुशनवर एसपीएफ ५० लिहिलं असलं तरी तो सनस्क्रीनची जागा घेत नाही, कारण तितका जाड थर कुणी लावत नाही.

गोरेपणाचं काय?

कोरियन मालाची चौकशी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात हा प्रश्न असतो, तोंडावर येत नाही इतकंच. कोरियाच्या कायद्यात २००० सालापासून 'कार्यक्षम सौंदर्यप्रसाधनं' हा वेगळा वर्ग आहे आणि त्यात 'व्हाइटनिंग' हा दावा मंजुरी घेऊन करता येतो. त्याचा अर्थ डाग आणि काळवंडलेपण थोडं कमी होणं. जन्मजात रंग कोणत्याही क्रीमनं बदलत नाही. आपल्याकडे २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातून 'फेअर' शब्द गेला, पण लग्नाच्या बैठकीतून तो गेला आहे असं म्हणता येणार नाही.

या मानसिकतेचा फायदा भलतेच लोक घेतात. 'कोरियन फॉर्म्युला', 'सात दिवसांत ग्लास स्किन' असं छापलेल्या, निर्मात्याचा पत्ता नसलेल्या डब्या बाजारात मिळतात. अशा पत्ता नसलेल्या क्रीममध्ये दोन गोष्टींचा धोका असतो.

एक, स्टिरॉइड. चेहरा आठवड्यात उजळतो, मऊ होतो. क्रीम थांबवली की लाली, जळजळ, मुरूम, चेहऱ्यावर लव आणि पातळ झालेली त्वचा. घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन अशी नावं दिसली तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून सर्रास लावली जातात.

दोन, पारा. भारतात सर्वसाधारण सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारादेखील दशलक्ष भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी आधी गोरेपणाची क्रीम वापरलेली होती. तोंडाला लावलेली क्रीम थेट मूत्रपिंडापर्यंत पोचली.

डबी उलटून पाहा: लेबल आणि तारीख

भारतात विकायच्या आयात सौंदर्यप्रसाधनाची केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे नोंदणी लागते. म्हणून खोक्यावर या गोष्टी शोधाव्यात: आयातदाराचं नाव आणि पत्ता, नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत, निव्वळ वजन, कोणत्या देशात बनलं आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क. ही माहिती इंग्रजी किंवा हिंदीत असावी लागते. खोक्यावर नुसती कोरियन अक्षरं आणि एकही भारतीय स्टिकर नसेल, तर तो माल रीतसर आयात झालेला नसण्याचीच शक्यता जास्त. ऑनलाइन दुकानांनाही २०२० च्या नियमांनुसार मूळ देश दाखवावा लागतो.

'कोरियन' नाव आणि 'मेड इन इंडिया' असं दोन्ही एकाच खोक्यावर दिसलं तर दचकायचं कारण नाही. चांगला भारतीय मालही असतो. फक्त आयात मालाची किंमत मोजून तो घेऊ नये.

तारीख वाचताना बरेच जण फसतात. कोरियन तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं असते. २०२७.०३.१५ म्हणजे १५ मार्च २०२७. तारखेजवळ 'जेजो' असा कोरियन शब्द असेल तर ती बनवल्याची तारीख, 'क्काजी' असेल तर त्या दिवसापर्यंत वापरायची. अक्षरं येत नसतील तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं भाषांतर हे वाचून दाखवतं. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२ आकडा असेल, तर उघडल्यापासून १२ महिने. उघडल्याची तारीख पेनानं डबीवर लिहून ठेवावी.

खर्चाचा हिशेब

किंमत बाटलीची बघू नये, मिलिलिटरची बघावी. समजा, ३० मिलीचं सीरम ६०० रुपयांना आहे, तर ते २० रुपये मिली पडलं. १०० मिलीचा एसेन्स १,२०० रुपयांना असेल तर १२ रुपये मिली. महाग दिसणारी बाटली स्वस्त निघाली.

सनस्क्रीनचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण ते भरपूर लागतं. दोन बोटांचं माप म्हणजे साधारण एक ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तर ५० दिवस, दोनदा लावली तर २५ दिवस. दर २५ दिवसांना एक ट्यूब परवडत नसेल तर स्वस्त पण रीतसर लेबलचं भारतीय सनस्क्रीन पुरेसं लावणं जास्त फायद्याचं. महाग कोरियन सनस्क्रीन चिमूटभर लावून उपयोग नाही.

फेसवॉश चेहऱ्यावर मिनिटभर राहतो, तिथे जास्त पैसे घालू नयेत. सुरुवातीला छोटे, प्रवासाचे पॅक घ्यावेत. मॉल किंवा साइटवरची 'दोन घ्या, तिसरं मोफत' योजना नवख्यांसाठी तोट्याचीच, कारण पहिलंच मानवेल की नाही हे अजून कळलेलं नसतं.

पहिले दोन महिने असे

प्रत्येक नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, त्याच जागी दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहावी. खाज, पुरळ आलं नाही तरच चेहऱ्यावर.

पहिला आणि दुसरा आठवडा: फेसवॉश आणि मॉइश्चरायझर.

तिसरा आणि चौथा आठवडा: सकाळी सनस्क्रीन जोडावं.

पाचव्या आठवड्यापासून: गरज असेल तर एकच सीरम. डागांसाठी नायसिनामाइड, लालसरपणासाठी सेंटेला, कोरडेपणासाठी हायलुरॉनिक अॅसिड. आधी एक दिवसाआड.

आठव्या आठवड्याच्या शेवटी: परिणाम बघावा. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे तीन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून वस्तू बदलू नये. त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फिल्टरशिवाय दर पंधरा दिवसांनी फोटो काढला तर फरक खरा आहे की मनाचा, ते कळतं.

त्रास झाला तर

जळजळ, सूज, पाण्याचे फोड आले तर सगळं थांबवावं, साध्या पाण्यानं चेहरा धुवावा आणि त्वचाविकारतज्ज्ञांना दाखवावं. जाताना खोकं बरोबर न्यावं, घटकांची यादी डॉक्टरांना लागते. डोळ्यांना सूज किंवा श्वासाला त्रास असेल तर थेट दवाखान्यात. मेडिकलवाल्याला विचारून मलम आणणं टाळावं, कारण त्यात नेमकं स्टिरॉइड असू शकतं. आधीपासून मुरूम, वांग, इसब यांवर उपचार चालू असतील तर नवी वस्तू डॉक्टरांना विचारूनच.

बिल आणि खोकं जपून ठेवावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तो कोणत्याही राज्यातून चालतो. सीमाभागातल्या वाचकांसाठी महत्त्वाचं म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदाराला आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क दिला आहे. वस्तू कोल्हापूरला घेतली आणि राहणं बेळगावात असेल, तर बेळगावच्या आयोगात तक्रार करता येते. पणजीहून मागवली आणि घर इंदूरला असेल, तर इंदूरमध्ये. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.